खिशातल्या लिनक्सची परवानगी

टर्मक्स हे अँड्रॉइड ॲप उघडले की फोनवर एक काळी चौकट दिसते. तीत आज्ञा टंकून लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीची साधने वापरता येतात. तिच्यात ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन’ एवढी एकच ओळ लिहिली की पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा फोनमध्ये उतरते आणि प्रोग्राम लिहिण्यास सुरुवात करता येते. त्यासाठी फोन रूट करावा, म्हणजे त्याच्या प्रणालीचा पूर्ण ताबा मिळवावा लागत नाही. सी भाषेतील प्रोग्राम बांधण्यासाठी क्लँग, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी गिट, दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी एसएसएच ही संगणकावरची नेहमीची साधनेही याच वाटेने मिळतात.

हे शक्य होते, कारण अँड्रॉइडचा कर्नल, म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारा प्रणालीचा गाभा, लिनक्सचाच आहे. मात्र त्यावरची रचना निराळी आहे. प्रोग्राम ज्या पायाभूत कोडवर विसंबतात, त्या नेहमीच्या लिनक्समधील सी लायब्ररीऐवजी येथे बायोनिक नावाची लायब्ररी असते आणि प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात बंदिस्त असते. त्यामुळे डेबियन या लिनक्सच्या प्रचलित प्रकारासाठी तयार केलेला प्रोग्राम उचलून येथे थेट चालवता येत नाही. टर्मक्सच्या चमूने म्हणूनच पॅकेजे अँड्रॉइडसाठी नव्याने बांधली. ज्यांना अख्खे डेबियनच हवे असते, ते प्रूट नावाचे साधन वापरतात. प्रूट हा प्रोग्रामच्या फाइलविषयक विनंत्या मध्येच अडवून त्यांतील पत्ते बदलतो, आणि आपण खऱ्या डेबियनमध्येच आहोत अशी त्या प्रोग्रामची समजूत कायम राहते. अर्थात या अडवाअडवीत वेग घटतो. सोबतीला चित्रमय पडदा दाखवणारे टर्मक्स-एक्स११ घेतले की एक्सएफसीई हा लिनक्सचा डेस्कटॉप, त्यातील खिडक्या आणि कार्यालयीन कामाचे लिब्रेऑफिससुद्धा फोनवर उघडते.

बोटाएवढ्या खिडक्यांत ते पाहण्याचे कौतुक फार टिकत नाही, हेही खरे. फोनच्या कीबोर्डवर कंट्रोल, एस्केप आणि टॅब या कळाच नसतात. टर्मक्स त्या एका जादा ओळीत देते, शिवाय आवाज कमी करण्याचे बटण कंट्रोलसारखे वापरू देते. ब्लूटूथ कीबोर्ड जोडला की हा प्रश्न मिटतो. बाहेरचा मॉनिटर जोडायचा तर यूएसबी-सीची खोबण असणे पुरेसे नाही, तिच्यातून चित्र बाहेर पाठवण्याची सोय असावी लागते, आणि स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसते.

तरीही खरी अडचण यंत्राच्या ताकदीची नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० ने असा नियम केला की, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपने आपल्या कप्प्यात स्वतः उतरवलेली फाइल प्रोग्राम म्हणून थेट चालवू नये. तपासणीत साळसूद दिसणारे ॲप मागाहून घातक कोड आणू शकते, त्यामुळे नियमामागचे कारण रास्तच आहे. पण टर्मक्सचे सारे काम नेमके तेच आहे. त्याने अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीसाठी बांधलेले ॲप म्हणूनच राहणे पसंत केले, परिणामी २०२० च्या अखेरीपासून प्ले स्टोअरवरील त्याची अद्यतने थांबली आणि वापरकर्ते एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या भांडाराकडे वळले. पुढे प्ले स्टोअरसाठी वेगळी प्रायोगिक आवृत्ती निघाली. अँड्रॉइड १२ ने ॲपांनी पार्श्वभूमीवर सुरू केलेल्या उपप्रक्रियांवर, म्हणजे ॲपने चालवलेल्या इतर प्रोग्रामांवर, ३२ ची मर्यादा घातली, तेव्हा चालू असलेले काम अचानक बंद पडण्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

फोनच्या निर्मात्यांनीही फोनवर लिनक्स चालवण्याचा हा मार्ग चोखाळून पाहिला होता. सॅमसंगने २०१७ मध्ये फोन मॉनिटरला जोडून संगणकासारखा वापरू देणारे डेक्स आणले, त्यावर उबंटू हा लिनक्सचा प्रकार चालवण्याची चाचणी २०१८ मध्ये सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. ॲपलचे नियम याहून कडक आहेत. आयफोनवरील आयएसएच हे ॲप एका इंटेल धाटणीच्या प्रोसेसरची नक्कल करून त्यावर अल्पाइन हे आटोपशीर लिनक्स चालवते, आणि ते संथ असणे ओघानेच येते.

मार्च २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल फोनवर टर्मिनल नावाचे ॲप दिले. ते आभासी यंत्र, म्हणजे फोनच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा संगणक, उभारून त्यात खरे डेबियन चालवते, म्हणजे कोड मोकळेपणाने चालतो आणि उरलेल्या फोनपासून वेगळाही राहतो. सुरक्षिततेचा आक्षेप आणि प्रोग्राम लिहू पाहणाऱ्याची गरज या दोहोंना एकत्र उत्तर देणारी ही रचना मला सर्वांत प्रामाणिक वाटते. मात्र तिचा पर्याय डेव्हलपर ऑप्शन्स या सेटिंग्जमधील एरवी लपलेल्या भागात दडलेला आहे, आणि ज्या फोनमध्ये आभासी यंत्राची सोय निर्मात्याने खुली ठेवलेली नाही, तेथे तो चालू करताच येत नाही.