शाळेतल्या संडासाची चावी

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा. दुपारची सुट्टी.)

वऱ्हाडातली एक शाळा. सुट्टीची घंटा झाली तशी पोरं ताटं घेऊन हातपंपाकडे पळाली. एकजण दांड्याला लोंबकळतो, दुसरा धारेखाली ताट धरतो. पंपाचा ओटा फुटलेला, सांडलेलं पाणी तिथंच साचतं आणि त्याच चिखलात उभं राहून खिचडीची ताटं विसळली जातात. साबण? ऑफिसच्या कपाटात एक वडी आहे, पाहुणे आले की निघते.

मागच्या भिंतीलगत दोन संडास. एक मुलांचा, एक मुलींचा. दोन्हींना कुलूप, आणि चावी मोठ्या गुरुजींच्या खणात. "उघडं ठेवलं तर घाण होते. साफ कोण करणार?" गुरुजींचा सवाल चुकीचा नाही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. इथे ना शिपाई, ना सफाईला माणूस.

तसं पाहिलं तर कागद भक्कम आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींचे वेगळे संडास आणि पिण्याचं सुरक्षित पाणी लिहिलेलंच आहे. २०१४ मध्ये लाल किल्ल्यावरून शाळाशाळांत मुलींसाठी वेगळ्या संडासांची हाक दिली गेली. बांधकामं झाली, फोटो वर गेले. २ ऑक्टोबर २०२० ला शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची शंभर दिवसांची मोहीम निघाली. या शाळेत नळही आला. पण नळाला पाणी यायचं तर टाकी भरली पाहिजे, टाकीला मोटर पाहिजे आणि मोटरला वीज. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी सरळ सांगतात, "लाइनच नाई, त मोटर चालीन कशी?"

(दृश्य: ऑफिसातली भिंत.)

भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो आहे. बाबा याच वऱ्हाडातले, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. फोटोला हार ताजा आहे. खराटा मात्र झिजलाय.

झिजणारच. तीसपर्यंत पटाच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेचं अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी राखायचा. म्हणजे १,००० रुपये. महिन्याला पंच्याऐंशीसुद्धा नाही. फिनाईल, साबण, ब्रश, खराटा, सगळं त्यात. एवढ्यात घरचा संडास तरी वर्षभर नीट राहतो का, बघा हिशेब करून.

पोरं भिंतीमागे जातात. पोरी कुठे जातील? त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सहावी-सातवीच्या पोरी पाळीच्या दिवसांत घरीच राहतात, हजेरीत त्याचं कारण लिहिलं जातं "आजारी".

आणि पाणी असलं, तरी ते कसलं? पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. यवतमाळात पांढरकवडा, झरी-जामणीकडे फ्लोराइड. ते ना दिसतं, ना चवीला कळतं. उकळूनही जात नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी पिण्यालायक नाही, आणि वर्षानुवर्षं तेच प्यायलं की पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, पुढे हाडं धरतात. 'हे पाणी पिऊ नका' म्हणून हातपंपाला लाल रंग फासून भागत नाही. दुसरं पाणी जवळ नसेल, तर पोरं त्याच पंपावर येतात.

(दृश्य: शाळा व्यवस्थापन समितीची बैठक.)

या समितीत तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बाया. दुसरीकडे, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला. तो कशावर खर्चायचा, ते गावाच्या आराखड्यात ठरतं, आणि आराखडा येतो ग्रामसभेसमोर. शाळेचा संडास तिथवर क्वचितच पोचतो.

इथे एका आईने तो पोचवायचं ठरवलंय. "टाकीले मोटर द्या, संडास धुवाले माणूस लावा, मंग कुलपाचं बोला." सरपंच म्हणाले, पुढच्या सभेत बघू. बायांनी तारीख लिहून मागितली.