आप्पांच्या मळ्यातलं भरीत

श्रोतेहो, नमस्कार. घरातलं म्हातारं माणूस लग्नाला येत नाही म्हणालं, की आपण ठरवून टाकतो, याचं मन उडालं. दरवेळी तसं नसतं. आमच्या आप्पांचंच सांगतो.

खानदेशातल्या पारोळ्याकडचे हे आप्पा. एकेकाळी थंडीत यांच्या मळ्यात भरीत पार्टी व्हायची आणि माणसं किती, तर सोसायटीच्या निवडणुकीला उपयोगी पडतील तेवढी! बामणोदची हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचायला दणकट गडी. गॅसवर वांगं भाजून त्याला भरीत म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हल्ली त्यात टोमॅटोही घालतात म्हणे. असो.

पंचाहत्तरी उलटली आणि आप्पांनी लग्नं, सत्कार, सगळं बंद केलं. मुलगा घाबरला, डॉक्टरांकडे घेऊन गेला. झोप लागते? लागते. जेवण? ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी. मग लग्नाला का जात नाही? आप्पा म्हणाले, "तठे माले वळखस कोन?" तिथे मला ओळखतं कोण?

आणि त्याच आठवड्यात आप्पांनी भरीत केलं. मोजकीच माणसं. बहीण, शाळेतले दोन सोबती, नातू, मी आणि बांधावरून ज्याच्याशी बोलणं तुटलं होतं तो धाकटा भाऊ. वांगी आप्पांनी स्वतः निवडली. हात चालत नाही, म्हणून ठेचायला नातवाला बसवलं. मिरची-लसूण किती, यात मात्र कोणाला बोलू दिलं नाही. भाऊ दोनदा वाढून घेत होता.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी हेच अभ्यासलंय. पुढे भरपूर वेळ दिसतो तेव्हा माणूस नव्या ओळखी जोडतो; वेळ थोडा दिसला, की जिवाभावाची माणसं धरतो. पुन्हा सांगतो, प्रश्न वयाचा नाही, उरलेल्या वेळाचा. लवकरच एकट्याने दूरगावी राहायला जायचंय असं समजा, म्हटल्यावर तरुणांनीही जवळचीच माणसं निवडली. आणि आयुष्य 20 वर्षांनी वाढलं समजा, म्हटल्यावर म्हाताऱ्यांचा तो ओढा कमी झाला.

मात्र जवळची माणसंही नकोशी झाली, झोप उडाली, जेवण सुटलं, तर डॉक्टरांकडे जाच. हेही पुन्हा सांगतो, जाच.

आप्पांच्या घरी लग्नपत्रिका आता मुलगाच सांभाळतो. श्रावणात कानबाई देवीचे रोट खायला भाऊबंदांकडे मात्र आप्पा जातात, एस.टी.त उभं राहून जावं लागलं तरी.