माफीचा साक्षीदार

(दृश्य: जळगाव जिल्हा न्यायालयाचं आवार, सकाळ)

काळे कोट, फायलींचे गठ्ठे, चहाचे ग्लास घेऊन पळणारी पोरं. बांधाचा वाद, भाऊबंदकी, मारामारी, चेक न वटल्याची फिर्याद... उज्ज्वल निकम यांची वकिली सुरू झाली ती याच जळगावात.

निकम म्हणजे नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यातले सरकारी वकील. त्यांचं नाव काढलं की लोकांना अजून, त्या हल्ल्यात जिवंत पकडलेल्या कसाबची बिर्याणी आठवते. ती मागणी कसाबने कधी केलीच नव्हती, गोष्ट आपणच रचली होती, हे 2015 मध्ये निकम यांनी स्वतःच सांगितलं. बिर्याणी लक्षात राहिली. खरी ऐकण्यासारखी गोष्ट होती फेब्रुवारी 2016 ची साक्ष.

(दृश्य: विधी महाविद्यालयाचा वर्ग, फळ्यावर 'सरतपासणी')

मुंबईचं सत्र न्यायालय. त्याच हल्ल्यातला आरोपी, बीडच्या अबू जुंदालवरचा खटला. भिंतीवरच्या पडद्यावर अमेरिकेच्या कैदेतला डेव्हिड हेडली, या खटल्यातला माफीचा साक्षीदार. तिकडे रात्र, म्हणून इथे कोर्ट भल्या सकाळी. निकम प्रश्न विचारतात, हेडली शपथेवर उत्तरं देतो. आपल्याच साक्षीदाराची ही तपासणी म्हणजे सरतपासणी.

मूळ नाव दाऊद गिलानी. अमेरिकन म्हणून भारतात सहज शिरता यावं यासाठी 2006 मध्ये नाव बदललं. त्याच्या सांगण्यानुसार, पाकिस्तानच्या अफगाण सरहद्दीवर लंडी कोतलजवळ तो पकडला गेला. पाकिस्तानची गुप्तचर संस्था आयएसआय, तिच्या मेजर अलीने चौकशी केली आणि मेजर इक्बालशी त्याची गाठ घालून दिली. पुढे मुंबईच्या फेऱ्या, आणि ताज हॉटेलचं चित्रीकरण. आयएसआय लष्कर-ए-तय्यबा या दहशतवादी संघटनेला पैसा, लष्करी मदत आणि नैतिक पाठबळ देते, असं तो म्हणाला. पाकिस्तान हे सगळं नाकारतो.

(दृश्य: विद्यार्थिनी पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक चाळताना)

आता या मुली जे शोधताहेत ते पाहा. साक्षीच्या वेळचा जुना पुरावा कायदा (2024 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली), कलम 133: गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकत होती. कलम 114, उदाहरण 'ब': अशा साक्षीवर जोडपुराव्याशिवाय, म्हणजे तिला दुजोरा देणाऱ्या वेगळ्या पुराव्याशिवाय, विश्वास ठेवू नये, असं न्यायालय गृहीत धरू शकत होतं. ही दोन पानं शेजारी ठेवून वाचली की हेडलीचं वजन कळतं. हा माणूस एकेकाळी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबरी होता. गुन्हा कबूल करून त्याने फाशी टाळली, भारताच्या हवाली होणंही टाळलं. शिवाय 2011 मध्ये शिकागोत त्यानेच म्हटलं होतं, की आयएसआयच्या वरच्या नेतृत्वाला हल्ल्याची कल्पना नसावी.

म्हणजे आयएसआयच्या काही अधिकाऱ्यांपर्यंत धागा जातो. वरच्या नेतृत्वापर्यंत? तिथे शपथेवरचा शब्द थांबतो. टीव्हीवरच्या चर्चा मात्र कधीच थांबत नाहीत. आमचा भर म्हणूनच शपथेवरच्या शब्दावर, आणि मार्चमध्ये बचाव पक्षाने केलेल्या उलटतपासणीवरही. जोडपुरावा लागतो तो इथेच. अमेरिकेच्या 2011 च्या आरोपपत्रात मेजर इक्बालचं नाव आधीच आलं होतं.

(दृश्य: आवारातली गर्दी, संध्याकाळ)

हल्ल्यात 166 जणांचा जीव गेला. कसाबला 2012 मध्ये फाशी झाली, हेडलीला 2013 मध्ये 35 वर्षांची कैद. त्याचा जुना मित्र तहव्वूर राणा याला शिकागोच्या ज्युरीने 2011 मध्ये मुंबई हल्ल्याच्या आरोपातून सोडलं होतं, लष्करला मदत केल्याबद्दल मात्र दोषी धरलं. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने त्याला भारताच्या हवाली केलं. मेजर इक्बालबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं आता त्याच्याकडून हवी आहेत, दिल्लीत.