बाई परत आल्या

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मोबाईलचा कॉल जोडला कसा जातो’. मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं शाल-नारळात आणि फेट्यात गेली. तेव्हा मुद्दा आधीच सांगून ठेवतो, नंतर गडबड व्हायला नको. कॉल जोडणं सोपं असतं हो. ज्याला लावायचा तो आत्ता आहे कुठं, हे काढणं अवघड. मोबाईलचं स्विचिंग सेंटर सगळा जीव तिथंच खर्च करतं. आणि हेच काम पन्नास वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात एक बाई करत होत्या.

मी 1974 ला टेलिफोन खात्यात चिकटलो. पहिली नेमणूक एका बाजाराच्या गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण शेटची नातवंडं आज इथं बसलेली असू शकतात. पन्नास लाइनींचं मॅन्युअल एक्सचेंज. घरातल्या फोनचं हँडल फिरवलं की इथं बोर्डावरचं शटर खट्कन पडायचं. बाई कॉर्ड उचलून त्या भोकात घालायच्या आणि विचारायच्या, “कोण पायजे?” नंबर विचारायच्याच नाहीत. गावात नंबर पाठ कुणाला होता? “शेटना द्या” म्हटलं की शेट.

हे शेट गुळाचे व्यापारी. अहमदाबादहून ट्रंक कॉल यायचा त्यांना. एका बुधवारी मी बोर्डाच्या मागं रिले साफ करत बसलो होतो. कॉल आला. बाई म्हणाल्या, “थांबा, मी लावतो.” (आमच्याकडच्या बायका ‘लावतो, जातो, येतो’ म्हणतात हे पुण्यात दोन वाक्यांत समजावून सांगावं लागतं. तुम्ही हसला, म्हणजे सभा घरचीच आहे.) आता शेटच्या घराचं भोक समोर होतं. बाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. कोल्हापूरच्या ऑपरेटरला हाक मारली. “आमचं शेट आज सौद्याला तुमच्यात आलंय. कुठल्या नंबरवर गावंल?” तिकडच्या बाईंनी शाहूपुरीतल्या एका अडतीचा नंबर दिला. तेवढ्या वेळापुरताच कामाचा तो, तासाभरानं शेट तिथं नसणार. बाईंनी अहमदाबाद तिकडं वळवलं. सगळं मिळून पाऊण मिनिट. अहमदाबादच्या माणसाला वाटलं असेल, शेट घरी ओसरीवर बसलेत.

हे चित्र डोक्यात ठेवा, मला पुढं लागणार आहे.

पण शेटचा विषय निघाला तर दुसरीही गोष्ट सांगितली पाहिजे. एकदा शेट असेच ‘सौद्याला’ गेलेले. दुपारी शेटाणीबाईंचा फोन, अडतीवर लाव म्हणून. बाईंना माहीत होतं की शेट अडतीवर नाहीत, खासबागेत कुस्त्या बघायला बसलेत. सकाळी तिकीट सांगायचा फोन त्यांनीच जोडून दिला होता. बाई कॉर्ड हातात धरून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “लाइन बिझी हाय, वहिनी.” मी हसलो तर माझ्याकडं असं बघितलं की मी परत रिलेत तोंड घातलं. ज्याला कोण कुठं आहे हे माहीत असतं, त्याला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. आजच्या मोबाईल कंपन्यांच्या यंत्रांनासुद्धा तुम्ही कुठं आहात ते माहीत असतं. त्यांच्या भरवशावर किती राहायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तर अशा बायकांना घरी बसवलं कुणी? अमेरिकेतल्या एका प्रेतवाहू धंदेवाल्यानं. खोटं नाही. आल्मन स्ट्रोजर, कॅन्सस सिटीत अंत्यविधीचं दुकान. असं सांगतात की त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको तिथल्या एक्सचेंजवर ऑपरेटर होती आणि घरात माणूस गेलं म्हणून कुणी फोन केला की गिऱ्हाईक नवऱ्याकडं वळवायची. याचा संताप झाला, आणि संतापलेल्या माणसानं ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं. 1891 साली पेटंट, 1892 ला इंडियानातल्या ला पोर्टमध्ये पहिलं एक्सचेंज. तुम्ही डायल फिरवलात की जितका आकडा तितके टोले, तितक्या पायऱ्या आतला हात वर चढतो, मग आडवा फिरतो. तुमचं बोटच ऑपरेटर झालं. बंगळूरच्या आयटीआयनं, म्हणजे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्यानं, असली एक्सचेंज आपल्यासाठी बनवली आणि मी त्यांच्या खटखटाटात उमेदीची वर्षं घालवली. अजून झोपेत ऐकू येतो.

खातं खूष, सगळे खूष. माझी मात्र तक्रार आहे आणि ती मी त्या वेळीही वरिष्ठांना सांगून शिव्या खाल्ल्या. यंत्राला शेट माहीत नव्हते. भोक माहीत होतं. बुधवारी अहमदाबादनं नंबर फिरवला की फोन शेटच्या रिकाम्या ओसरीवर वाजायचा. वीस वेळा, तीस वेळा. म्हातारी आई उचलायला उठेपर्यंत बंद. शंभर वर्षं आपण माणसाला फोन करतच नव्हतो, भिंतीला करत होतो. त्या भिंतीजवळ माणूस सापडला तर नशीब. आणि हे सगळं एका माणसाच्या दुकानातलं गिऱ्हाईक पळालं म्हणून.

काय? वीस मिनिटं राहिली? घड्याळ पुढं असेल तुमचं. बरं, मोबाईल.

31 जुलै 1995, पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्यातून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला. त्या दिवशी बाई परत आल्या, असं मी मानतो. या वेळी दोन वह्या घेऊन. पहिली एचएलआर, ही तुमच्या माहेरची वही. तुमचा नंबर, तुमच्या सिमची ओळख, कुठल्या सेवा आहेत, आणि सध्या कुणाच्या हद्दीत आहात. दुसरी व्हीएलआर, म्हणजे पाहुण्यांची वही. ती स्विचिंग सेंटरपाशी असते, त्या सेंटरला एमएससी म्हणायचं. तुम्ही कागल सोडून कोगनोळीच्या टोलनाक्यापुढं निपाणीकडं गेलात की फोन कर्नाटकातलं टॉवर धरतो. तिथल्या पाहुण्यांच्या वहीत तुमचं नाव चढतं आणि माहेरी निरोप जातो, ‘पावणं आमच्याकडं पोचलं’. जुन्या ठिकाणी नाव खोडलं जातं.

आता मी इथून तुम्हाला फोन लावतो. तुम्ही निपाणीत चहा पिताय. माझा कॉल आधी तुमच्या नेटवर्कच्या दारावरच्या एमएससीकडं जातो. ते माहेरची वही विचारतं. माहेर निपाणीकडच्या वहीला विचारतं, ‘कुठल्या नंबरवर गावंल?’ तिकडून एक तात्पुरता रोमिंग नंबर येतो, या एका कॉलपुरता. कॉल त्या नंबरवर वळतो, आणि पोचला की तो नंबर दुसऱ्याला द्यायला मोकळा. शाहूपुरीची अडत आठवली ना? विचारपूस मात्र वेगळ्या वाटेनं चालते, तुमच्या बोलण्याला तोवर हातसुद्धा लागलेला नसतो. एसएस-सात म्हणतात त्या वाटेला. दोन ऑपरेटर बायकांची आपसातली कुजबुज समजा.

कॉल निपाणीच्या सेंटरला पोचला, तरी नेमकं टॉवर माहीत नसतं. नुसता खिशात पडलेला फोन प्रत्येक टॉवरला हजेरी लावत नाही, बॅटरी संपेल. पुष्कळ टॉवर मिळून एक भाग केलेला असतो, भाग बदलला की मगच फोन कळवतो. म्हणून कॉल आला की त्या भागातली सगळी टॉवर एकदम पुकारा करतात. जोतिबाच्या चैत्र यात्रेत चुकलेल्या पोराचा पुकारा होतो तसाच. लाख माणसं ऐकतात, ज्याचं नाव तोच हात वर करतो. फरक इतकाच की इथं खरं नाव पुकारत नाहीत, शक्यतो तात्पुरतं टोपणनाव वापरतात, चोरून ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून. बाईंचीच शिकवण.

यातून एक घरगुती उपयोग सांगतो. तुम्ही फोन रीतसर बंद केलात तर तो बंद होताना ‘जातो’ म्हणून सांगून जातो. मग पुकाराच होत नाही, लावणाऱ्याला लगेच रेकॉर्ड ऐकू येते. पण तळघरात गेलात किंवा बॅटरी निखळली, तर सेंटर बिचारं पुकारत बसतं, काही सेकंद शांतता, मग रेकॉर्ड. बऱ्याच वेळ हजेरी आली नाही की ते स्वतःच तुम्हाला गैरहजर मांडतं, त्यामुळं हा पुरावा ताजा असेपर्यंतच चालतो. माझा भाचा परवा म्हणाला, “मामा, एकाएकी रेंजच गेली.” मी फोन लावला तेव्हा एका श्वासात ‘बंद आहे’. उसने पैसे मागायचे होते मला. असो.

पाच मिनिटं? मग पळतो. बोलताना गाडीत असाल तर कॉल टॉवरवरून टॉवरवर सोपवला जातो. एका एमएससीची हद्द ओलांडून दुसऱ्याच्या हद्दीत गेलात तरी कॉलचा ताबा पहिल्याकडंच राहतो, तुम्ही फोन ठेवेपर्यंत. नंबर पोर्टेबिलिटी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, 20 जानेवारी 2011 पासून देशभर: त्याआधी सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी कळायची, आता आधी तिसरीच वही उघडून बघावी लागते की हा नंबर सध्या कुणाच्या घरी नांदतोय. आणि फोर-जीवरचा व्होल्टी कॉल या एमएससीतून जातच नाही. तिथं आवाजाचेही डेटासारखे तुकडे होतात आणि जोडणारी यंत्रणा वेगळी, आयएमएस नावाची. वह्यांची नावं बदलली, एचएलआरच्या जागी एचएसएस आलं. विचारपूस तीच. यावर खरं तर अर्धा तास बोलायचं ठरवून आलो होतो, चिठ्ठ्या खिशातच राहिल्या.

तिसऱ्या रांगेत फोन वाजतोय, मघापासून दुसऱ्यांदा. घ्या हो, घरूनच असेल. खासबागेत नाही म्हणून सांगा.