मुंबई ते न्यूयॉर्क : दोऱ्याचे अंतर आणि घड्याळाचे तास

न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे जाऊन आलेले अनेक जण या सभागृहात असतील, म्हणून आज मुंबई आणि न्यूयॉर्क हीच जोडी घेतो. शाळेतल्या सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, अल्जीरिया असे करत अटलांटिक ओलांडते, आणि त्या वाटेने कोणी खरेच गेले तर त्याला सुमारे 14,200 किलोमीटर पडतील. आता हा पृथ्वीगोल पाहा. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरून मी तो न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंत ताणतो. दोरा पश्चिमेला न जाता वर सरकतो : पाकिस्तान, अफगाणिस्तान, मग मॉस्को आणि हेलसिंकीच्या आसपासून आइसलँड, तिथून ग्रीनलंडचे दक्षिण टोक, आणि मग खाली. या वाटेची लांबी सुमारे 12,530 किलोमीटर भरते. म्हणजे नकाशावर ‘सरळ’ दिसणारी रेघ जवळजवळ सतराशे किलोमीटरचा वळसा आहे. गणितात या ताणलेल्या दोऱ्याच्या वाटेला बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात, आणि दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा दिला जातो तो बहुधा याच कंसाचा असतो.

हा आकडा पृथ्वीच्या आकाराने ठरतो. वेळेचे तसे नाही. मोठे विमान ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर भागाकाराने चौदा तासांना थोडे कमी येते. परंतु हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, आणि विमाने उडतात त्या उंचीवर मध्यम अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना आपण जेट प्रवाह म्हणतो, स्वतःच धावत असतात. समजा, वाटभर सरासरी ताशी 100 किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो समोरून येईल आणि प्रवास साधारण 15 तास 40 मिनिटांचा होईल. येताना तोच पाठीशी राहील आणि साडेबारा तास पुरतील. येथे एक गंमत आहे, आणि माझ्या मते ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही : जाताना गेलेला वेळ येताना पुरता वसूल होत नाही. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून 27 तास 50 मिनिटे लागली असती, वाऱ्यासह 28 तास 10 मिनिटे लागतात, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असते.

शिवाय दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची संमती लागते. 2022 पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले, एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना पाकिस्तानचे. त्यामुळे अमेरिकी आणि भारतीय विमाने आपापल्या परीने या वाटेपासून बाजूला ढकलली गेली.

तिकिटावरचे तास आणखी निराळे. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो, धावपट्टीपर्यंतची रांगही. त्यात घड्याळांचा घोळ असतो : हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणून जानेवारीत मुंबईहून रात्री एक वाजता निघून सोळा तास बसलेला माणूस त्याच तारखेला सकाळी साडेसहाला उतरतो.