साडेआठची बाटली

(नारायण पेठेत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'आमच्या घरातलं शतक'. हा आयोजकांचा उत्साह. आत्या शतकाला ४ धावा कमी असताना गेली, आणि आकडा वाढवून सांगितलेला तिला मुळीच खपला नसता. तेव्हा आधी दुरुस्ती करतो. जन्म १९२६, मृत्यू फेब्रुवारी २०२३, वय ९६.

सिमला ऑफिसच्या चौकातून तुम्ही नेहमी जात असाल. शिवाजीनगरात सिमला कुठून आलं? १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण पुणेकरांनी एकदा नाव ठेवलं की ठेवलं. त्या इमारतीत उपकरणं तपासायच्या विभागात आत्या १९५० साली लागली आणि १९८४ साली, अठ्ठावन्न पुरी झाल्यावर निवृत्त झाली. ॲना मणी तिथे १९४८ मध्येच आल्या होत्या. आत्या साधी कर्मचारी, त्या शास्त्रज्ञ. 'आम्ही बरोबर काम केलं' असं आत्या कधी म्हणाली नाही. 'त्या होत्या तेव्हा मी तिथे होते', एवढंच. पण चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, ही मणींची शिस्त तिने घरी आणली आणि आम्हा सगळ्यांना छळलं.

घरी म्हणजे कशी, तर गच्चीवर एक नरसाळं आणि खाली बाटली. रोज सकाळी साडेआठला माप. खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणून आमच्या घराचाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. १० सेंटीमीटर तोंडाच्या नरसाळ्यात ते भरतं जेमतेम दीड चमचा. हे गणित तिने मला चहाचा चमचा हातात देऊन शिकवलं. जुन्या वह्यांत इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, आहेत, नंतर मिलिमीटर. पाऊस नसेल त्या दिवशीही रकान्यात शून्य हवंच. मी एकदा आळसाने तीन दिवस कोरे सोडले तर म्हणाली, "अरे, शून्य म्हणजे पाहिलं आणि पाऊस नव्हता. कोरं म्हणजे तू झोपला होतास."

आता १२ जुलै १९६१. इथल्या जुन्या मंडळींना पुढचं सांगायला नको. त्या सकाळी साडेआठला तिने वाड्याच्या गच्चीवर नेहमीसारखं माप घेतलं. पानशेत धरण तोवर फुटलेलं होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकून जे रोखून धरलं होतं, ते पाणी सुटलेलं होतं. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. घरातून निघताना आजीने देव उचलले आणि आत्याने वह्या. त्या पळापळीत चांदीचं तबक राहिलं ते गेलंच, आणि त्यावरून दोघींची धुसफूस आजी जाईपर्यंत चालू होती. माझं मत विचाराल तर आजीची बाजू अगदीच चूक नव्हती.

पण ती वही आज माझ्याकडे आहे. त्या दिवसाच्या रकान्यातला आकडा पूर यावा असा मुळीच नाही. 'पानशेतचा पाऊस' असं कुणी बोललं की आत्या तिथेच अडवायची. "पाऊस नव्हे, धरण." पुढे खडकवासलाही गेल्यामुळे नळ बंद झाले, आणि वाड्याच्या विहिरीवरून तिने आठवडेच्या आठवडे पाणी शेंदलं. त्याबद्दल मात्र ती एक वाक्यही बोलायची नाही.

लोक मला विचारतात, त्या शेवटपर्यंत इतक्या कामात कशा होत्या? आहारबिहार काय होता? आहार कसला, रात्री उरलेली पोळी कुस्करून दूध-साखर. खरं असं की तिने कामं टाकली नाहीत, नववारीची पाचवारी करावी तशी आखूड केली. सत्तरीला सायकल सोडली, तर मंडईत चालत जायला लागली. पर्वतीच्या १०३ पायऱ्या दर गुरुवारी चढायची. गुडघ्यांनी नकार दिल्यावर निम्म्यावरून परत फिरायची, मग नुसती पायथ्यापर्यंत रिक्षाने जाऊन वर हात जोडून यायची. गुरुवार चुकला नाही. वाड्याच्या जागी इमारत झाली, तेव्हा नरसाळं नव्या गच्चीवर. नव्वदीनंतर गच्ची बंद झाली आणि खालच्या मजल्यावरची शाळकरी मुलगी बाटली आणून द्यायला लागली. आत्या खुर्चीत बसून माप वाचायची, लिहायची.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्ही विसरला नसाल. आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. सकाळी त्या मुलीने बाटली आणली ती काठोकाठ भरलेली. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ६० मिलिमीटरच्या थोडं वर मावतं. पुढचं वाहून गेलेलं. मी म्हटलं, "आत्या, पेपरात येईल तो आकडा लिही की." तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तो त्यांचा. इथे बाटली ओसंडली." आणि तसंच लिहिलं: 'बाटली ओसंडली'. त्या दिवशी तिने दुकानातून दोन लिटरची बाटली मागवली. वय ९३.

आत्या गेली त्या सकाळी साडेआठला आम्ही सगळे दवाखान्यात होतो. तेराव्यानंतर वही उघडली. फेब्रुवारीतलं कोरडं ठणठणीत पुणं, आकाशात ढगाचं नाव नाही. मी पेन काढून त्या तारखेपुढे शून्य घालायला निघालो. ती मुलगी शेजारी उभी होती. आता ती अकरावीला आहे.

म्हणाली, "काका, तुम्ही पाहिलं होतं का?"

तो रकाना कोराच आहे.