पेरूजातील चौथ्या मजल्यावरची खोली

श्रोतेहो, नमस्कार. इटलीला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे लोक रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांविषयी विचारतात. मी मात्र आज आपल्याशी बोलणार आहे ते उंब्रिया प्रांतातील पेरूजा या डोंगरावर वसलेल्या शहराविषयी, आणि त्यातही तिथल्या एका साध्या दोन तारांकित हॉटेलात पत्नीसह काढलेल्या पाच रात्रींविषयी. त्या हॉटेलाचे नाव मी सांगणार नाही, कारण त्याची जाहिरात करणे किंवा त्याला नावे ठेवणे हा माझा हेतू नाही. डोंगरावरच्या जुन्या शहरात कमी पैशांत राहताना जी गैरसोय वाट्याला येते, तिचा आणि त्या शहराच्या इतिहासाचा फार जवळचा संबंध असतो, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

पेरूजाचे रेल्वे स्थानक फोंतिवेज्जे या सपाटीवरच्या भागात आहे आणि मूळ शहर त्याच्या बरेच वर, टेकडीच्या माथ्यावर आहे. स्थानकाच्या आसपास मोठी, लिफ्ट असलेली हॉटेले मिळतात, आणि नकाशावर पाहिले तर तिथून माथा अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो. या नकाशावर विसंबू नका, हे मी आग्रहाने सांगेन. ते अंतर आडवे नसून उभे आहे. दिवसभर चढउतार करून संध्याकाळी खाली परतलेला माणूस रात्री पुन्हा वर जात नाही, आणि अशा शहरांचा खरा जीव तर दिवसाचे प्रवासी निघून गेल्यावरच दिसू लागतो. म्हणून आम्ही तटबंदीच्या आतली खोली शोधली आणि आमच्या पैशांत ती मिळाली एका जुन्या वाड्याच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती आणि तसे आरक्षणाच्या वेळी स्पष्ट लिहिलेले होते. आपल्यापैकी अनेकांना युरोपातील बहुतेक देशांसाठीच्या शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो आणि त्या घाईत आपण फक्त दर पाहतो. माझी विनंती आहे की जिना, स्नानगृह आणि रात्री दार कोण उघडणार या तीन गोष्टी त्याच वेळी वाचून घ्याव्यात.

स्थानकावरून वर जायला 2008 साली सुरू झालेली मिनिमेत्रो आहे. चालकाशिवाय धावणारे तिचे लहान डबे दोराने ओढले जातात, तिची स्थानके जाँ नुव्हेल या फ्रेंच वास्तुविशारदाने आखलेली आहेत, आणि पिंचेत्तो या शेवटच्या स्थानकावर ती आपल्याला माथ्याच्या अगदी कुशीत आणून सोडते. आम्ही मात्र पहिल्या दिवशी बसने पियात्सा पार्तिजानीपर्यंत जाऊन तिथून सरकत्या जिन्यांची वाट धरली. ती वाट मी जन्मात विसरणार नाही. जिने वर वर नेत असतात आणि अचानक आपण उघड्या आकाशाऐवजी एका अंधाऱ्या, विटांच्या उंच कमानींखालच्या गल्लीत पाय टाकतो. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, दारांच्या चौकटी, खिडक्यांची भोके, बुरुजांचे बुंधे दिसतात. ही एकेकाळची खरीखुरी गल्ली आहे आणि तिच्या डोक्यावर छत आहे ते एका पोपच्या रागाचे.

ही कथा थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. 1540 साली पोप तिसरा पॉल याने आपल्या राज्यात मिठाचा भाव वाढवला. पेरूजाने तो मानण्यास नकार दिला आणि शहर बंड करून उठले. मिठाच्या करावरून माणसे रस्त्यावर का येतात, हे 1930 च्या शिरोड्याच्या सत्याग्रहाच्या आठवणी ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. पोपच्या फौजेने बंड मोडून काढले, शहराचे स्वातंत्र्य संपले, आणि पुन्हा कोणी डोके वर काढू नये म्हणून बाल्योनी या शहरातील प्रबळ घराण्याची वस्ती होती नेमक्या त्याच जागी रोक्का पाओलिना हा किल्ला उभारण्यात आला. धाकटा आंतोनियो दा सांगाल्लो या त्याच्या रचनाकाराने तिथली घरे, बुरूज आणि गल्ल्या पाडून सपाट करण्याऐवजी त्यांवर कमानी टाकल्या आणि अख्खी वस्ती किल्ल्याच्या पायात जशीच्या तशी गाडली. पुढे 1860 मध्ये शहर पोपच्या सत्तेतून सुटले, तेव्हा नागरिकांनी वरचा किल्ला पाडून टाकला, पण पायातली गल्ली तशीच राहिली. 1983 पासून तिच्यातून हे सरकते जिने जातात. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, दप्तरे लावलेली मुले आणि आमच्यासारखे बॅगा ओढणारे पाहुणे, सगळे रोज त्या गाडलेल्या वस्तीतून घरी जातात. आम्ही मुद्दाम पाहायला गेलो नव्हतो, तर मुक्कामाची वाटच तिथून जात होती. तिकीट काढून पाहिलेल्या वास्तूपेक्षा ही रोजची ये-जा माझ्या मनात अधिक खोल रुतली.

हॉटेलाचे लाकडी दार दोन पुरुष उंचीचे होते आणि त्यात माणसापुरता एक दिंडी दरवाजा होता, थेट आपल्या जुन्या वाड्यांसारखा. आत दगडी जिना. त्या जिन्याच्या दिव्याविषयी सांगायला हवे, कारण इटलीत जुन्या इमारतींत राहणाऱ्या प्रत्येकाला त्याची सवय करून घ्यावी लागते. भिंतीवरचे बारीक लुकलुकणारे बटण दाबले की दिवा लागतो आणि ठरलेल्या वेळाने आपोआप विझतो. ती वेळ तिथल्या लोकांच्या चढण्याच्या वेगावरून ठरलेली असावी. दोन बॅगा घेऊन चढणाऱ्या पाहुण्याला ती पुरत नाही. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर दिवा गेला आणि पत्नी तिथेच भिंतीला हात लावून उभी राहिली. हाताखाली दगड होता, थंड आणि शेकडो वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. खाली कुठेतरी पाण्याचा नळ वाहत होता आणि वरच्या मजल्यावरून कांदा परतल्याचा वास येत होता. मी चाचपडत बटण शोधले तोवर ती म्हणाली, "थांबा जरा, घाई करू नका." त्या अंधारात आम्ही क्षणभर तसेच उभे राहिलो.

हॉटेल चालवणाऱ्या सिन्योरा, म्हणजे बाई, सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी आमचे पासपोर्ट घेतले, त्यांतील तपशील उतरवून लगेच परत केले. आपल्याकडच्या काही प्रवाशांना पासपोर्ट मागितला की संशय येतो, परंतु इटलीत प्रत्येक निवासगृहाला पाहुण्यांची माहिती 24 तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते आणि ती जबाबदारी लहानात लहान हॉटेलावरही असते. शहराचा मुक्काम-करही खोलीच्या भाड्याहून वेगळा, माणशी आणि रात्रीनुसार घेतला जातो. तो लहान ठिकाणी बहुधा रोख मागतात, म्हणून थोडे सुटे युरो जवळ असू द्यावेत. मग सिन्योरांनी आमच्या हातावर दोन किल्ल्या ठेवल्या, एक खोलीची आणि एक रस्त्यावरच्या दाराची, आणि सांगितले की रात्री दहानंतर इथे कोणी नसते. अनोळखी देशात पहिल्याच तासात परक्या घराच्या थोरल्या दाराची किल्ली कोणी आपल्या हवाली करते, याचे मला फार अप्रूप वाटले आणि ते आजही ओसरलेले नाही.

खोली लहान, पण स्वच्छ होती. लाल मातीच्या फरशा, दोन साधे पलंग, एक कपाट, आणि हातभर जाड भिंतीत बसवलेली खिडकी. न्हाणीघर इतके अरुंद की दार उघडताना आतल्या माणसाला बाजूला सरकावे लागे, तरीही त्यात बिडे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्याचे बसके भांडे, होतेच. इटलीत 1975 च्या सरकारी आदेशाने घरांच्या न्हाणीघरात ते आवश्यक ठरवले आहे, आणि पाण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांची युरोपातील एक मोठी अडचण तिथे आपोआप दूर होते. शॉवरजवळ लोंबणारी दोरी मात्र ओढू नये. ती संकटात मदत मागण्यासाठी असते.

तक्रार होती ती थंडीची. आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो होतो. इटलीत इमारतींचे हीटिंग कधी आणि किती वेळ चालवायचे यावर कायद्याने मर्यादा घातलेली आहे. पेरूजा ज्या हवामान-विभागात मोडते तिथे साधारणपणे 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल या काळात, दिवसाला जास्तीत जास्त 14 तास, असा घरांसाठीचा नियम आहे. या वाड्याचा बॉयलर सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एकच असल्यामुळे रात्री उशिरा लोखंडी रेडिएटर गार पडत असे. पहिल्या रात्री आम्ही कुडकुडलो. सकाळी सांगितले तेव्हा सिन्योरांनी मान डोलावली, कपाटाच्या वरच्या फळीवरच्या दोन जाड लोकरी रजया खाली काढून दिल्या आणि संध्याकाळ झाली की खिडकीच्या बाहेरच्या लाकडी झडपा ओढून घ्यायच्या, असे हातांनी करून दाखवले. झडपा लावल्यावर खोली खरोखर निराळी झाली. आम्ही पहिल्या रात्री बाहेरचे दिवे दिसावेत म्हणून त्या उघड्या ठेवल्या होत्या.

त्याच झडपा सकाळी उघडण्याचा क्षण मला आपल्यापुढे ठेवायचा आहे. कडी वर उचलून दोन्ही फळ्या बाहेर ढकलल्या की आधी ओलसर हवा आत येई, मग खालच्या घरांची शेवाळलेली कौले दिसत, आणि त्यांच्यापलीकडे काहीच नसे. सगळे खोरे धुक्याने काठोकाठ भरलेले असे. रेल्वे स्थानक, मोठा रस्ता, लिफ्ट असलेली ती हॉटेले, सगळे त्या पांढऱ्या दुलईखाली असे आणि शहर तेवढे उन्हात. रोमनांच्या आधी मध्य इटलीत नांदणाऱ्या इट्रुस्कन लोकांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इथे तटबंदी का बांधली, याचे उत्तर मला खोलीत उभ्या उभ्या मिळाले. वरच्या माणसाला खालचा येणारा दिसतो आणि खालच्याला वरचा दिसत नाही. आपल्या गिरिदुर्गांवर पहाट पाहिलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.

उंचीवर राहण्याची किंमत म्हणजे पाणी. इट्रुस्कनांनी त्यासाठी खडकात सदतीस मीटर खोल विहीर खोदली, ती आजही उतरून पाहता येते. तेराव्या शतकात माँते पाच्चियानो या डोंगरावरून नळमार्गाने पाणी आणले गेले आणि ते शहराच्या मध्यभागी पोहोचल्याचा आनंद म्हणून 1275 ते 1278 या वर्षांत शिल्पकार निकोला पिसानो आणि त्याचा मुलगा जोव्हान्नी यांनी फोंताना माज्जोरे हे कारंजे घडवले. त्याच्या खालच्या कुंडाभोवती वर्षाचे बारा महिने कोरले आहेत, आणि त्यांत देवदेवतांपेक्षा कामकरी माणसे अधिक दिसतात. कोणी पीक कापतो आहे, कोणी मळणी करतो आहे, कोणी द्राक्षे तुडवतो आहे. त्या नळमार्गाच्या कमानींवरून आता पायवाट गेली आहे आणि ती लोकांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांच्या उंचीवरून जाते. आमच्या चौथ्या मजल्यावर नळाची धार बारीक होती, पण ते कारंजे पाहून आल्यानंतर त्या धारेबद्दल कुरकुर करायला माझी जीभ रेटली नाही.

खाण्याविषयी थोडक्यात सांगतो. हॉटेलाची न्याहारी म्हणजे कॉफी, एक कोर्नेत्तो हा क्रोसाँसारखा गोड पाव आणि डब्यातला जॅम. दुपारी आम्ही तोर्ता आल तेस्तो घेत असू. ही तव्यावर भाजलेली, आपल्या जाड भाकरीच्या जवळची रोटी असते आणि मध्ये चीरून तिच्यात परतलेली पालेभाजी व चीज भरून मागता येते, त्यामुळे शाकाहारी माणसाचे पोट भरते. पाव मात्र अळणी असतो. त्याला पाने शापो म्हणतात. मिठाच्या त्या कराला विरोध म्हणून आमच्या पूर्वजांनी मीठ सोडले, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. अळणी पावाची चाल त्याहूनही जुनी असू शकेल, पण ज्या शहराने ती आपल्या पराभवाशी जोडून जपली, त्याच्या तोंडून ती कथा ऐकताना मला शंका काढावीशी वाटली नाही.

संध्याकाळी कोर्सो वानूच्ची या मुख्य रस्त्यावर सारे शहर फिरायला येते. इथले विद्यापीठ 1308 सालचे आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळे विद्यापीठही आहे, त्यामुळे कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर अनेक भाषा कानावर पडतात. साडेदहा-अकराला गर्दी पांगे, आणि मग दगडी रस्त्यावर आमच्याच पावलांचा आवाज येई. हा तास मिळवण्यासाठीच वर राहायचे असते. खिशातली किल्ली चाचपत आम्ही कार्दुच्ची बागेच्या कठड्याशी जात असू आणि पलीकडच्या डोंगराच्या उतारावर असिसी या गावाचे दिवे दिसत.

शेवटच्या दिवशी आमची गाडी पहाटेची होती. सिन्योरांनी आदल्या रात्री हिशेब उरकून सांगितले होते की किल्ल्या मेजावर ठेवा आणि दार ओढून घ्या. मेजावर कागदात गुंडाळलेला अर्धा पाव आणि दोन सफरचंदे ठेवलेली होती, आमच्या खोलीचा आकडा लिहिलेली. मी किल्ल्या त्यांच्या जागी ठेवल्या. खाली उतरताना प्रत्येक मजल्यावर दिवा विझण्याआधी पत्नी पुढे होऊन बटण दाबत होती. आता तिला त्यांच्या जागा पाठ झाल्या होत्या.